देवकीच्या दोन खोल्या

देवकी मेश्रामला घर मिळालं तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायकांनी तिच्याकडून हक्कानं पेढे खाल्ले. तिला स्वतःला मात्र पेढा काही गोड लागला नाही. घर मालकानं खुशीनं दिलं नव्हतं, कलेक्टर कचेरीनं द्यायला लावलं होतं.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. नागपुरात तेव्हा कुणाचं घर रिकामं झालं की त्याची वर्दी कचेरीत द्यावी लागे, आणि कचेरी ते घर एखाद्या सरकारी नोकराच्या नावानं करून देई. भिंती मालकाच्या, पण आत कोण राहणार ते सरकार ठरवणार. देवकी ट्रंककॉलच्या बोर्डावर बसायची, म्हणजे सरकारी नोकर. लग्न केलं नव्हतं, घरात आई तेवढी होती. अर्जही तिनं आईसाठीच केला होता. रुखमाबाईनं उमेदीची सगळी वर्षं कापडगिरणीत काढली, आणि कापसाची तूस तिच्या छातीत कायमची जाऊन बसली. त्यात वस्तीतलं घर गिरणीच्या भिंतीलाच लागून. डॉक्टर शेवटी म्हणाले, "औषध मी देतो बाई, पण हवा कुठून देऊ? यांना झाडाझुडपांत न्या."

झाडाझुडपांत म्हणजे शहराच्या पश्चिमेचं ते नवं लेआउट. बैठे बंगले, मेंदीची कापलेली कुंपणं, कडुनिंबाच्या सावलीतले रस्ते. तिथल्या एका बंगल्यामागच्या दोन खोल्या देवकीच्या वाट्याला आल्या. मालक मनोहरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सामानाचा छकडा फाटकाशी थांबला तेव्हा ते ओसरीत उभे होते. देवकीनं पुढं केलेला हुकूम त्यांनी चष्मा लावून वाचला. आडनावाशी आले तिथं जरा थांबले.

"या खोल्या मी पुतण्यासाठी ठेवल्या होत्या," ते म्हणाले.

"वर्दीत तसं लिहिलं नव्हतं तुम्ही," देवकी म्हणाली. 

त्यांनी फाटक उघडलं नाही, अडवलंही नाही. वळून घरात गेले. कडी तिनं स्वतःच काढली. आतल्या खिडकीचा पडदा हलला आणि पुन्हा स्थिर झाला.

पहिल्या दुपारी रुखमाबाई बाजेवर बसून कितीतरी वेळ कान देत राहिली. मग म्हणाली, "माय वं, इथचे माणसं गेले कुठं? पोराचं रडणं नाही, भांडण नाही. मसणात आणून टाकलं वं मले."

"हवा तर बघ ना, आई."

"हवेशी बोलू काय मी?"

मनोहररावांनी जातीचा शब्द कधीच तोंडातून काढला नाही. त्यांचा शब्द होता 'शिस्त'. मोरीचं पाणी बाहेर दिसलं, शिस्त. वस्तीतली चार माणसं रुखमाबाईला भेटायला आली, शिस्त. देवकीची पहाटपाळी असली की तिला भल्या पहाटे फाटक उघडावं लागे, त्यावरही एकदा ते हवेकडे पाहून बोलल्यासारखे म्हणाले, "आमच्या लेआउटमधे बायका अशा वेळी घराबाहेर पडत नाहीत."

आणि मग पाणी गेलं. मागच्या खोल्यांच्या नळाचा कॉक मालकाच्या अंगणात होता. आपली टाकी भरली की मनोहरराव तो फिरवून टाकत आणि सांगत की नळाला जोर नाही. सकाळी मात्र थोडा वेळ कधीमधी धार यायची. तेवढ्यात रुखमाबाई मिळतील ती भांडी भरून घ्यायची. बाकीचं पाणी देवकी रस्त्याच्या टोकावरच्या सार्वजनिक नळावरून आणायची. कानाला दिवसभर हेडफोन लावून आलेली ती बाई, इस्त्रीच्या साडीत, दोन्ही हातांत बादल्या घेऊन त्या सुंदर कुंपणांमधून चालायची. कुणी तिला काही म्हणत नसे. फक्त ती आली की कुंपणापलीकडचं बोलणं थांबायचं, आणि ती पुढं गेली की पुन्हा सुरू व्हायचं. वस्तीत कुणी शिव्या दिल्या असत्या तर तिनं उलट दोन दिल्या असत्या. या गप्प बसण्याला काय उत्तर द्यायचं ते तिला सुचत नसे. रात्री झोपेतही तिच्या मुठी वळलेल्या असत, असं रुखमाबाई सांगायची.

"वापस चाल वं," ती म्हणायची. "तिथं नळावर भांडण होये, पण पाणी भेटे."

"आपण कोणाच्या मेहेरबानीनं नाही आलो इथं."

"ते मले समजते. पण तुले घर पायजे का लढाई पायजे, ते एकदा ठरव."

देवकीला ते ठरवता येत नव्हतं. आईची धाप मात्र कमी होत होती. रात्रीचा खोकला तेवढा राहिला होता.

फाल्गुनात रुखमाबाईच्या माहेराहून, भिवापूरकडून, मिरच्या आल्या. देवकी पहाटपाळी करून आली तेव्हा आई अंगणात खलबत्ता घेऊन बसलेली, तोंडाला फडकं बांधून. छातीचं दुखणं असून ही बाई मिरच्या कुटते म्हणून देवकी तिच्यावर ओरडणार, तोच दोन अंगणांमधल्या कुंपणाशी मालकीणबाई दिसल्या. अरुंधतीबाई. इतक्या महिन्यांत देवकीनं त्यांचा आवाज ऐकला नव्हता. देवकी दाराआडच थबकली.

"भिवापुरी आहे ना?" अरुंधतीबाईंनी विचारलं. "वासावरून ओळखली. आमच्याकडे लहानपणी हीच यायची."

"भिवापुरीच हाये."

"थोडी देता?" त्यांनी रस्त्याकडे पाहून घेतलं. मनोहरराव बाहेर गेलेले होते. "कोरडी... कोरडी चालते."

रुखमाबाईचा बत्ता थांबला. "सुक्याले विटाळ नसते म्हणता?"

दाराआड देवकीला वाटलं, झालं. आता ही बाई आत जाईल, नवऱ्याला सांगेल, आणि उद्यापासून सकाळची ती धारही बंद होईल.

अरुंधतीबाईंचा चेहरा उतरला होता, पण त्या गेल्या नाहीत. रुखमाबाई उठली, तिनं मूठभर कुटलेली मिरची घेतली आणि कुंपणापाशी गेली. "वरून नाही टाकणार मी. हातात घेत असान त घ्या."

कुंपणावरून एक हात आला. गोरा, बांगड्यांचा. रुखमाबाईनं मूठ त्यात रिकामी केली. तिची बोटं त्या तळव्याला लागली, आणि तिनं ती मुद्दाम लागू दिली, हे देवकीनं स्पष्ट पाहिलं.

त्यानंतर मनोहरराव फिरायला गेले की दोघी कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे उभ्या दिसू लागल्या. देवकीला ते आवडत नसे. "तोंडावर गोड बोलून माहिती काढतील," ती म्हणायची. "उद्या आपल्यावरच उलटेल." रुखमाबाई म्हणायची, "तिच्याशी घरात कोणी बोलत नाही वं. त्याले पेपर अन् तिले भिंत. मले जशी इथची शांती खाते, तशी तिलेई खाते."

देवकीचं भय खरं ठरल्यासारखं झालं. उन्हाळा संपता संपता नोटीस आली. मनोहररावांनी खोल्या खाली करून घेण्याची परवानगी मागितली होती: भाडेकरूंमुळे शेजाऱ्यांना उपद्रव, वेळी-अवेळी ये-जा, रात्रभर खोकला, अंगणात मिरच्या कुटणं. आणि साक्षीला, दिवसभर घरी असणारी म्हणून, त्यांची पत्नी अरुंधती.

"मिरच्या!" देवकीनं कागद आईपुढं आपटला. "कोणी सांगितलं त्यांना? घे अजून हातात हात."

रुखमाबाईनं कागदाची घडी करून ठेवली. त्या दिवसापासून ती कुंपणाशी गेली नाही, आणि अरुंधतीबाईही दिसेनाशा झाल्या.

सुनावणीचा दिवस उकाड्याचा होता. कचेरीतली ती खोली लहान, पंखा नुसता आवाज करणारा. देवकीच्या बाजूनं एक तरुण वकील होता, तिच्याच वस्तीतला. आई आली नसती तर बरं, असं देवकीला वाटत होतं, पण रुखमाबाई हट्टानं आली आणि मागच्या बाकावर बसली. मनोहररावांचे वकील खोकल्याबद्दल बोलू लागले, आणि नेमकी तिला ढास आली. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिचा चेहरा काळानिळा झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण आवाज तिनं बाहेर येऊ दिला नाही. देवकी उठायला गेली तशी तिनं हातानंच तिला खाली बसवलं. आपल्या खोकल्याची साक्ष ती आपल्या तोंडानं देणार नव्हती.

अरुंधतीबाई उभ्या राहिल्या. मनोहररावांच्या वकिलांनी सोपा प्रश्न विचारला. "रात्रभर खोकला चालतो. त्यामुळे तुमची झोप होत नाही, बरोबर?"

"झोप मला मुळातच येत नाही."

वकील हसले. "पण खोकला ऐकू येतो?"

"येतो ना." त्या म्हणाल्या. "खोकला ऐकू आला की वाटतं, कोणीतरी जागं आहे. बरं वाटतं."

मनोहररावांनी मान वर केली. वकिलांनी घाईघाईनं मिरच्यांचं विचारलं. "कुटतात," त्या म्हणाल्या. "मीच मागून घेतली होती. यांनी जेवताना विचारलं, कुठून आणली. तेव्हा मला सांगावं लागलं." हे सांगताना त्यांची नजर मागच्या बाकाकडे गेली.

आता देवकीचा वकील उठला. त्यानं एकच विचारलं. "बाई, मागच्या खोल्यांचं पाणी कोण बंद करतं?"

 देवकी त्या बाईच्या हातांकडे पाहत होती. त्या हातांनी साडीचा काठ पिळून पिळून दोरी केली होती. बोलल्या नाहीत तर काय होईल, आणि बोलल्या तर त्यांचं काय होईल, हे दोन्ही विचार देवकीच्या मनात एकदम आले. आजवर तिला या बाईची काळजी अशी कधी वाटलीच नव्हती.

"हे बंद करतात," अरुंधतीबाई म्हणाल्या. "सकाळी हे फिरायला गेले की मी थोडा वेळ उघडते. हे यायच्या आत परत बंद करते."

 ती सकाळची धार! नळाला जोर आला म्हणून देवकी आजवर नळाचे आभार मानत आली होती.

बाहेर आल्यावर मनोहरराव कुणाकडे न पाहता स्कूटरला किक मारून निघून गेले. अरुंधतीबाई कचेरीच्या पायरीवर एकट्याच उभ्या. हातात पाकीट नाही, पिशवी नाही. देवकीनं रिक्षा थांबवली होती. रुखमाबाई तिच्यात चढली, सरकून बसली आणि म्हणाली, "चला बाई. जायचं त एकाच फाटकात हाये."

सायकलरिक्षात दोघींचीच जागा. देवकी बसनं निघाली. वाटभर तिचं मन कुठल्या कुठं धावत होतं. त्यानं तिला घरात घेतलं नसेल तर? हात उगारला असेल तर? आपण जिंकलो तर ती बाई कुठं जाईल? बसमधून उतरल्यावर ती जवळजवळ पळतच गेली.

मनोहररावांचं दार आतून बंद होतं. अरुंधतीबाई मागच्या खोलीच्या पायरीवर बसल्या होत्या, आणि रुखमाबाईनं दिलेला पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात होता. अर्धा झालेला.  दिवेलागण झाली. रुखमाबाईनं भाकरी टाकल्या, तिघी जेवल्या. "दार उघडलं नाही तर इथं झोपा," देवकी म्हणाली. आपण हे बोललो याचं तिलाच नवल वाटलं. बऱ्याच वेळानं पुढं कडी वाजली. दार उघडल्याचा आवाज आला, पण हाक आली नाही. अरुंधतीबाई उठल्या, पदर सारखा केला आणि गेल्या. दोघी मायलेकी कान देऊन बसल्या. पलीकडून एक शब्दही ऐकू आला नाही.

मनोहररावांचा अर्ज फेटाळला गेला. कॉक त्यानंतर बंद झाला नाही. ते देवकीशी मात्र पुढं वर्षानुवर्षं बोलले नाहीत. भाडं ती ओसरीच्या कठड्यावर ठेवी, ते उचलून घेत. बायकोशीही ते कितीतरी महिने बोलले नाहीत. तिचं काही अडलं नाही. ती आता भर उजेडात, ते घरी असतानाच, कुंपणाशी येऊन उभी राहायची.

रुखमाबाई त्या हवेत आणखी सहा वर्षं जगली. डॉक्टरांनी एवढी आशा धरली नव्हती. ती गेली तेव्हा वस्तीतून खूप माणसं आली आणि त्या लेआउटमधे पहिल्यांदाच मोठ्यानं रडणं ऐकू आलं. 'शिस्त' हा शब्द त्या दिवशी कुणी काढला नाही. पुढं दोनेक वर्षांत अरुंधतीबाईही गेल्या. इस्पितळातच. देवकीला ती बातमी बोर्डावर बसलेली असताना कळली.

ऐंशीनंतर देवकीनं शहराच्या दक्षिणेला, जिथं तेव्हा शेतं आणि भुईमोजणीच्या खुंट्याच होत्या, स्वतःचं लहानसं घर बांधलं. खोल्या सोडायच्या दिवशी रिवाजाप्रमाणे भिंतींना चुना मारून द्यावा म्हणून तिनं माणूस बोलावला. मनोहरराव तेव्हा अगदी वाकले होते. काठी टेकत मागं आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे पाहून बोलले.

"चुना राहू द्या. मी मारून घेईन."

देवकीनं किल्ल्या कठड्यावर ठेवल्या नाहीत. त्यांच्यासमोर धरल्या. त्यांनी हात पुढं केला आणि त्या घेतल्या.

त्यांनी तिचा खर्च वाचवला, की आपल्या भिंती आपल्याच हातानं स्वच्छ करून घ्यायचं त्यांच्या मनात होतं, हे तिला नीट कळलं नाही. ती विचारायला थांबली नाही. सामानाची मेटाडोर रस्त्यावर उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, त्या शांत रस्त्यात सगळ्यांना ऐकू जाईल असा.