अप्पांचा मॉनिटर

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या दुकानात ते टेबलाखालच्या वायरींसारखे साचलेत. एक ओढायला जावं, तर चार बाहेर येतात! आणि गंमत म्हणजे घडताना त्यातला एकही किस्सा मला किस्सा वाटलेला नाही. तेव्हा नुसता घाम फुटलेला असतो.

आधी दुकानाबद्दल सांगते. बिदरला कोर्टाच्या मागच्या गल्लीत, जिना चढून वर, आमचं जुने कागद वाचून देण्याचं दुकान आहे. शेताचे, विहिरीचे, वाटणीचे, निजामाच्या राजवटीतले कागद घेऊन लोक येतात. मोडीतला कागद अप्पा वाचतात, उर्दूतला उस्मानभाई वाचतात. मी, शोभा, रोज कमठाण्याहून बसनं येते, कागद स्कॅन करते आणि हे दोघे सांगतील ते मराठीत नाही तर कन्नडात टाइप करते.

अप्पांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. मोडी घडाघडा वाचणारा दुसरा माणूस आमच्या भागात मला तरी माहीत नाही. पण त्यांचा डावा डोळा गेलाय आणि उजवाही अधू होत चाललाय. "आहे तेवढ्या नजरेत भागवा," असं कलबुर्गीच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं. कागदावरचं अक्षर त्यांना आता दिसत नाही, लॅपटॉपवरचंही दिसत नाही. टेबलावरच्या मोठ्या मॉनिटरवर एकेक अक्षर चार बोटं उंच केलं, की दिसतं. म्हणजे मॉनिटर लागला तर अप्पा वाचणार, नाही तर नाही. हे दुकानाबाहेर कुणाला ठाऊक नाही. त्यामुळे रोज सकाळी वायर लावताना मी आधी दार लोटून घेते.

त्यात लॅपटॉप जुना. फार रखडतोय म्हणून बेंगळूरच्या माझ्या मावसभावानं, प्रकाशनं, विंडोज काढून त्यात लिनक्स घातलं. "फुकट आहे, हलकं आहे, कुणाच्या बापाचं नाही," म्हणाला. मॉनिटर नीट लागेल का, हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही!

*

पहिल्याच दिवशी मॉनिटर लागला. मी देवाला हात जोडले. लॅपटॉपवर मोडीचं पान उघडलं आणि म्हटलं, "वाचा अप्पा."

समोर आमच्याच गावचा एक शेतकरी बसला होता. अप्पा पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्याच्याकडे वळून अगदी गंभीरपणे विचारलं, "जमीन डोंगराळ हाय का तुमची?"

"न्हाई अप्पा, चांगली काळी हाय. कामून?"

"मला निस्ता डोंगरच दिसायलाय!"

पान लॅपटॉपवर होतं आणि मॉनिटरवर लिनक्सचं वॉलपेपर! दोन पडदे म्हणजे लिनक्सच्या लेखी दोन वेगळी टेबलं. एकावर ठेवलेलं दुसऱ्यावर आपोआप दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्या शेतकऱ्याला आपला कागद बदलला की काय अशी शंका आली. त्याची समजूत काढता काढता माझा घसा कोरडा पडला.

*

उस्मानभाई तसे कशाला हात लावत नाहीत. पण एकदा मी जेवायला गेले असताना त्यांनी मॉनिटर उचलून लॅपटॉपच्या डावीकडून उजवीकडे ठेवला. येऊन बघते, तर माऊसचा बाण गायब! उजवीकडे ढकलला की भिंतीला अडल्यासारखा थांबायचा. डावीकडे ढकलला की लॅपटॉपवरून नाहीसा व्हायचा. लिनक्सच्या हिशेबात मॉनिटर अजून डावीकडेच होता.

बाहेर दोन पक्षकार ताटकळलेले. प्रकाशला फोन लावला, तो म्हणाला, "डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन चौकोन उजवीकडं ओढ." पण ओढायचा कशानं? बाण तर हरवलेला!

"उस्मानभाई, मॉनिटर कामून हलवला तुम्ही?"

"अरे, उर्दू सीधे हात से शुरू होती ना! मैं डावे हात कू कायकू देखू?"

*

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा असते, आणि दुकानाची हत्यारं म्हणजे स्कॅनर, लॅपटॉप आणि मॉनिटर. अप्पांनी स्वतः हळदकुंकू वाहिलं. मॉनिटरवर तर जरा जास्तच वाहिलं. का, ते मला माहीत होतं.

दसरा झाल्यावर दुकान उघडलं, तर मॉनिटर ढिम्म. लिनक्स म्हणतंय, दुसरा पडदाच जोडलेला नाही! मी आदल्या आठवड्यातला अपडेट काढला, पुन्हा घातला. प्रकाश फोनवरून एकेक कमांड सांगायचा, मी टाइप करायची. तीन दिवस अप्पा येऊन बसायचे, चहा प्यायचे आणि "आज बी न्हाई का?" एवढंच विचारून घरी जायचे. ते जिना उतरायला लागले की मला रडू यायचं.

शेवटी इंटरनेटवरच्या लिनक्सवाल्यांना विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं: मॉनिटर कुठला, ग्राफिक्स कुठलं, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कुठला, वायर कुठली, आधी कधी चालला होता? मी उस्मानभाईंना एकेक वाचून दाखवत होते.

"इत्ते सवालां पुछरे," ते म्हणाले, "रिश्ता करना है क्या इनकू?"

चौथ्या दिवशी मी वायर उपसून मॉनिटरच्या भोकात मोबाइलचा उजेड टाकला. आत अक्षतेचा एक दाणा होता. पिवळाधमक!

*

हा किस्सा मी आता हसत सांगते, पण त्या दिवशी माझी दातखीळ बसायची वेळ आली होती.

सकाळी मॉनिटर पहिल्या झटक्यात लागला. अप्पा वाचायला बसले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. मी अक्षर मोठं केलं, अजून मोठं केलं. शेवटी ते हळूच म्हणाले, "राहू दे, माय. सगळं धुरकट दिसायलंय." आणि भिंतीला धरून उठून गेले.

आता दुकानाचं काय, हा विचार माझ्या मनात आला हे कबूल करते. त्याची लगेच लाजही वाटली. अप्पांना वाचण्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

घटकाभरानं पान बंद करायला म्हणून मी त्यांच्या खुर्चीत बसले, तर मलाही सगळं धुरकट! डोळे चोळले, तरी धुरकटच. सेटिंग उघडलं. रात्री झालेल्या अपडेटनं मॉनिटरचं रिझोल्यूशन, म्हणजे चित्राचा रेखीवपणा, पार तळाला नेऊन ठेवलं होतं.

मी चप्पल न घालता पळत सुटले. अप्पा गल्लीच्या तोंडाशी, बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते.

"अप्पा! डोळा न्हाई गेला! रिझोल्यूशन गेलंय!"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा एक हात अजून डोळ्यावर होता.

"मग आण की ते परत!"

*

आणि आता हा गेल्या महिन्यातला किस्सा.

निर्णा गावचं एक जोडपं विहिरीचा कागद घेऊन आलं होतं. मोडीतली दोन पानं. दुसऱ्या दिवशी त्यांची कोर्टात तारीख होती, वकिलाला दुपारपर्यंत मराठी नक्कल हवी होती. त्याच संध्याकाळी अप्पांनी पहिलं पान एकदा नजरेखालून घातलं आणि म्हणाले, "सकाळी निवांत सांगतो." दुसरं पान त्यांनी बघितलंच नव्हतं.

सकाळी मॉनिटर लागला नाही. आधी "नो सिग्नल" आलं, मग तेही गेलं. मी अक्षता बघितल्या, जुना कर्नल लावून बघितला, बाण शोधला, सगळं करून झालं. नवरा-बायको मॉनिटरच्या पाठीमागच्या बाकावर बसून माझ्याकडे टक लावून बघत होते. शेवटी मी वायर उपसली आणि दुसरी लावायला टेबलाखाली शिरले. तेवढ्यात जिन्यावर अप्पांची काठी वाजली.

"थांबा अप्पा, अजून..." मी खालून ओरडले. पण ते येऊन खुर्चीत बसलेही होते. चष्मा नीट केला आणि मान पुढं करून, नेहमीच्या सुरात वाचायला लागले.

"उत्तरेस नाला. दक्षिणेस चिंचेचं झाड. पूर्वेस विहीर, तिचं पाणी दोघा भावांनी आळीपाळीनं घ्यावं..."

बाकावरच्या बाईनं पदर तोंडाला लावला. नवरा म्हणाला, "व्हय, व्हय, असंच सांगायचा माझा आजा!"

मी टेबलाखालून डोकं वर काढलं. उस्मानभाईंनी लिहून घ्यायला पेन उघडलं होतं, ते तसंच हातात राहिलं होतं. ते एकदा काळ्या पडद्याकडे बघायचे, एकदा माझ्याकडे. अप्पांचं बोट पडद्यावरून ओळीमागून ओळ सरकत होतं. कुठं अडलं नाही, कुठं थांबलं नाही. ते शेवटच्या ओळीपर्यंत गेलं आणि टेकलं.

"आज लई साफ दिसायलंय गं, शोभा," अप्पा म्हणाले. "काय केलंस?"

वायर अजून माझ्या हातात होती.

"हं," अप्पा म्हणाले, "आता दुसरं पान लाव."