डोळ्यात तरंगणारे ठिपके

तेव्हा मी चोविशीची होते. पांढुर्ण्याजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत सहज वर पाहिलं, तर आभाळावर एक काळा धागा तरंगत होता. नजर फिरवली की तोही सरकायचा.

"बाबा, डोळ्यापुढं मच्छर उडून राहिला."

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा माझ्या तोंडापुढे झटकला. "गेला?"

"नाही. डोळ्यातच हाय तो."

बाबा घाबरले आणि मला पांढुर्ण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातल्या जेलीत बारीक गुठळ्या होतात, त्यांची सावली दिसते. तरुणांनाही दिसते, बहुतेक वेळा काही बिघडत नाही. "पण हिचा चष्म्याचा नंबर मोठा आहे. अचानक खूप ठिपके आले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा बाजूनं पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी या."

मी ते ऐकून सोडून दिलं. बाबांनी नाही.

संत्री तोडायच्या दिवसांत, एका सकाळी चहा गाळताना डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात चमकलं. पुन्हा चमकलं. मग काजळी उधळावी तसे ठिपके पसरले. दुखत काहीच नव्हतं.

"आज मजूर येऊन राहिले बाबा, उद्या जाऊ."

"संत्रं थांबते झाडावर. डोया काहून थांबंन? चाल!"

डॉक्टरांनी थेंब टाकून तपासलं आणि लगेच नागपूरला पडद्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे कळलं, डोळ्याच्या मागच्या पडद्याला बारीक चीर गेली होती. पडदा अजून सुटला नव्हता. त्याच दुपारी लेझरनं चिरेभोवतीचा भाग पक्का केला.

बाहेर आले तेव्हा थेंबांमुळे सगळं धूसर दिसत होतं. लहानपणी जत्रेत धरायचे तसा बाबांनी माझा हात घट्ट धरला.

"दिसते नं?"

"तुमची मिशी दिसून राहिली."

ते हसले, आणि मग बराच वेळ दुपट्ट्यानं तोंड पुसत राहिले.

डोळा वाचला. थोडे ठिपके अजून आहेत, पण आता दिवसदिवस माझं त्यांच्याकडे लक्ष जात नाही. बाबांचं मात्र वेगळंच. परवा सौंसरला लग्नाच्या पंगतीत, जाड चष्म्याच्या एका अनोळखी पोराला त्यांनी वाढता वाढता विचारलं, "बाबू, डोळ्यात चमकत तर नाही?" त्यानं गोंधळून मान हलवली. "चमकलं तं त्याच दिवशी डॉक्टरकडं जाय," म्हणत बाबांनी त्याच्या पानात आणखी एक जिलेबी टाकली.