अण्णांची तीट

माणसाला प्रेमाने छळण्यात आमच्या घरमालकांचा हात धरणारा अख्ख्या बेंगळुरूत सापडायचा नाही. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मराठी बोलतात, पण दर वाक्याला कानडीतलं एखादं ‘स्वल्प’, म्हणजे थोडं, नाहीतर ‘सरी’, म्हणजे बरं, हवंच. शिवाजीनगरात त्यांचं दप्तरांचं दुकान. जो सिनेमा चालेल त्याचा हिरो दप्तरावर रंगवायचा आणि रंगवून झाला की त्याच्या गालावर काळी तीट लावायची, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. परवानगी वगैरे त्यांच्या गावीही नव्हतं.

आता जमाना असा, की सिनेमा यायच्या आधी त्याचे डबे, दप्तरं आणि बिस्किटांचे पुडे येतात. कोरमंगलातली माझी नोकरी त्यातलीच. कुठल्या हिरोचं चित्र कुठल्या वस्तूवर छापायचं, याचे करार करायचे. सिनेमावाल्यांची नोटीस अण्णांच्या दुकानावर येऊन धडकली तेव्हा, हौस दांडगी ना, मीच मध्ये पडले. साहेबांकडे शब्द टाकला, रीतसर परवाना मिळवून दिला. अट एकच: चित्र जसंच्या तसं छापायचं. नमुना पास झाला नाही, तर दुकानाला कुलूप आणि ऑफिसात माझी शोभा.

नमुना गेला आणि नापास होऊन आला. हिरोच्या गालावर तीट!

“अण्णा, अहो काय केलंत हे!” मी कपाळावर हात मारला.

“अगं, स्वल्प शांत हो. गल्लोगल्ली पोरं त्याला बघणार. दृष्ट लागली म्हणजे?”

“तो पडद्यावर पन्नास गुंड लोळवतो, अण्णा!”

“गुंड समोरून येतात गं. दृष्ट दिसते का?”

आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं? दोन दिवस मी बोललेच नाही. तिसऱ्या दिवशी अण्णा तीट नसलेला नमुना घेऊन जिना चढून आले. “तुझी नोकरी जायला नको. सरी?” एवढंच म्हणाले आणि चहासुद्धा न घेता गेले. मलाच कसंतरी झालं.

नमुना पास झाला. शाळा उघडताना त्यातलं एक दप्तर अण्णांनी माझ्या मुलीला दिलं. पुस्तकं भरताना पाहते तो आत, अस्तरावर, बोटाएवढी काळी तीट! मी तणतणत खाली गेले.

“अण्णा, पुन्हा? सगळ्या दप्तरांत?”

“चित्राला हात लावलेला नाही,” अण्णा शांतपणे म्हणाले. “हिरोला नको, तर नको. पण दप्तर पाठीवर घेऊन जाणाऱ्या पोरांना दृष्ट लागत नाही होय?”

कंपनीला कळवायला हवं होतं. मी नाही कळवलं.

आता त्या सिनेमाचं नावही कुणी काढत नाही. दप्तराचा बंद तुटलाय, हिरोचा चेहरा पार उडालाय. आतली तीट तेवढी तशीच आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत ते हातात घेते, पण टाकवत नाही.