घरचा गिअरबॉक्स

आमच्या थोरल्या साडूंइतकं माणसांचं कमी आणि गाड्यांचं जास्त ऐकणारा गृहस्थ अख्ख्या शहाद्यात सापडणार नाही. समोरचा बोलत असला की त्यांची नजर रस्त्यावर असते, आणि दुरून एखादा टेम्पो खडखडत आला की ते हात वर करून बोलणाऱ्याला थांबवतात. त्यांचं गॅरेज एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर आहे. गाडी आली की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ते इंजिनवर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटून उभे राहतात. मालक काय बिघडलंय ते सांगू लागला तर, मालकाला सगळं कळत असतं तर गाडी इथवर आली नसती, असं त्याला शांतपणे ऐकवतात. स्वतःच्या सख्ख्या चुलत्यांच्या अंत्ययात्रेत त्यांनी शववाहिनी मध्येच थांबवायला लावली होती. सगळे घाबरून पुढे धावले. हे चाकापाशी वाकले होते. मला हळूच म्हणाले, ‘‘साडूभाऊ, मागलं बेअरिंग गयं.’’ मग भर उन्हात पाऊणशे माणसं खोळंबून राहिली आणि चुलते घट्ट आवळलेल्या चाकांवरून पुढे गेले.

ऑटोमॅटिक गाडीचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा. क्लच नसलेल्या गाडीला ते पाळणा म्हणत आणि चालवणाऱ्याला बाळ. अशी गाडी दारात आली तर दोंडाईच्याच्या गॅरेजचा रस्ता दाखवत. म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच एक जुनी, चारही चाकांना जोर देणारी परदेशी बनावटीची ऑटोमॅटिक गाडी ओढत आणली, तेव्हा बाजारात लोक थांबून पाहू लागले.

कारण अक्का. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या पत्नीची थोरली बहीण. ब्राह्मणपुरीची शेती तीच पाहायची. जीप काढून सकाळी निघायची ती केळीच्या बागेतून ऊन उतरल्यावर परतायची. त्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा वाचली, उजवं अंग वाचलं, डावा पाय मात्र कायमचा फरफटू लागला आणि डाव्या हातातला जोर गेला. क्लच दाबणं संपलं, म्हणजे जीप संपली, म्हणजे शेतही. ती काही बोलली नाही. फक्त पाच-सहा महिने खिडकीत बसून राहिली. आमच्या साडूंना माणसांचं ऐकू येत नाही असं आम्ही सगळेच म्हणत होतो, पण ते न बोलणं त्यांना ऐकू आलं असावं. ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला काही कामच नसतं. आणि ब्राह्मणपुरीच्या काळ्या मातीत, पाऊस पडून गेल्यावर, चारही चाकं ओढणारी गाडीच निभावते.

आणलेल्या गाडीचा गिअरबॉक्स मात्र मेलेला होता. दोन महिने फोन करकरून त्यांनी तसलीच दुसरी गाडी शोधली. नवापूरच्या एका कापडवाल्या मारवाडी शेठांच्या वखारीमागे ती उभी होती, समोरून ठोकलेली, इंजिन चिरडलेलं, गिअरबॉक्स शाबूत. तो बॉक्स काढून त्यांनी घरी आणला आणि बैठकीतल्या दिवाणावर गोधडी अंथरून ठेवला. मी नंदुरबारहून भेटायला गेलो तर मला सतरंजीवर बसावं लागलं. चहाचा पहिला घोट घेण्याआधी त्यांनी गोधडी सारून बॉक्स नीट आहे ना ते पाहिलं.

बॉक्स बसला, गाडी सुरू झाली, सरळ रस्त्यावर बरी चालली आणि पहिल्याच वळणावर झटके देऊ लागली. चारही चाकं उचलून, त्यांवर खडूच्या खुणा करून साडूंनी हातानं फेरे मोजले. गाड्या दिसायला एक, पण आतल्या चाकांचे दाते वेगळे. नवा बॉक्स पुढच्या चाकांना एका वेगानं फिरवत होता आणि मागचा जुना डिफरन्शियल मागच्या चाकांना दुसऱ्या. दोन्ही जोड्या एकमेकींना ओढत होत्या. हे सगळं त्यांनी अक्काला तपशीलवार समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘आपलं बी पहिले असंच व्हतं.’’ झटक्यानंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

साडू पुन्हा नवापूरला गेले, त्याच गाडीचा मागचा डिफरन्शियलही घेऊन आले, आणि आठवडाभरानं अक्का गाडीत बसली. गिअरचा दांडा डाव्या बाजूला, डाव्या हातात जोर नाही. तिनं उजवा हात पोटावरून पलीकडे नेऊन दांडा ओढला आणि गाडी अशी निघाली की मातीलाही कळू नये. डॉक्टरांनी शेतरस्त्यापुरती मुभा दिली होती. तेवढा रस्ता तिला पुरला. दीड वर्ष ती रोज गेली. मग दुसरा झटका आला आणि त्यातून ती उठली नाही.

गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली राहिली. साडू कामाला लागले, पण लोक म्हणू लागले की हल्ली ते चटकन निदान करतात, पूर्वीसारखे कान लावून उभे राहत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात सातपुड्यातल्या काठीकडच्या एका लहानशा दवाखान्याची गाडी टोचन करून त्यांच्याकडे आली. कुणीतरी दान दिलेली, नेमकी त्याच बनावटीची. घाट चढून-उतरून तिचा गिअरबॉक्स जळाला होता. दवाखान्यातल्या सिस्टर नवापूरकडच्या. त्या सोबत आल्या होत्या. बाळंतपणात अडलेल्या बाया याच गाडीतून खाली येतात, आता झोळीतून आणाव्या लागतात, एवढंच त्यांनी सांगितलं. साडू म्हणाले, असला बॉक्स मिळत नाही. सिस्टर बसस्टँडकडे निघून गेल्या. पुढचे पंधरा दिवस साडूंनी सुरतेपासून इंदूरपर्यंत फोन केले. कुठेच नव्हता. सोळाव्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा ताडपत्री घडी करून ठेवलेली होती.

मी फक्त बॅटरीचा उजेड धरला. बाकी कुणाला त्यांनी हात लावू दिला नाही. बॉक्स काढला, डिफरन्शियलही काढला. मध्ये एकदा मी विचारलं की नक्की का, तर गाडीखालूनच म्हणाले, ‘‘उभा उभा गंजी जाई तो.’’

चाचणीसाठी आम्ही दोघं दवाखान्याच्या गाडीतून काठीपर्यंत गेलो. वळणामागून वळणं आली. गाडीनं एकदाही झटका दिला नाही. सिस्टरांनी विचारलं, शेवटी कुठे मिळाला बॉक्स? साडू हात पुसत म्हणाले, ‘‘घरना शे.’’ सिस्टरांना ते नीटसं कळलं नाही, पण त्यांनी हात जोडले.

गाडी दवाखान्यात सोडून आम्ही निघालो, आणि जवळच्या मोलगीहून परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. त्यांनी विचारलं, अक्काच्या गाडीत तू कधी बसला होतास का. मी म्हणालो, तीन-चारदा. ते म्हणाले, ती चालवत असताना मी एकदाही नाही. तीच बसू द्यायची नाही. म्हणायची, ‘‘तुम्ही गाडीनंच ऐकशात, मन्हं नही.’’

  मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले की आज सगळा घाट कान लावून बसलो होतो. बॉक्सचा आवाजच येत नव्हता.

शहाद्याला एसटी रिकामी झाली, तरी साडू बाहेरच पाहत बसले होते. कंडक्टर दोनदा येऊन पाहून गेला. मीही त्यांच्या शेजारी बसून राहिलो.