गाईच्या आधी

माघात आष्टीच्या शिवारात माझ्या शेजाऱ्याची दुभती गाय कडवळ, म्हणजे चाऱ्याची हिरवी ज्वारी, खाऊन दुपारच्या आत मेली. पाण्याचा ताण पडलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत विष तयार होतं. हे त्यालाही माहीत होतं.

हा माणूस कमी बोलायचा, आणि बोलताना समोरच्याकडं न बघता गाईकडं बघायचा. वैरण टाकण्याआधी कडवळाचं एक ताट दातानं सोलून चावायचा आणि थुंकायचा. गोड लागलं तरच पेंढी सोडायचा. मी चेष्टेनं म्हणायचो, "भाऊ, गाईच्या आधी तूच चरून राह्यला!" तो हसायचा नाही. "तिला सांगता येत न्हाई," म्हणायचा.

विहिरीचं पाणी खाली गेलं, तेव्हा त्याची बायको म्हणाली होती, "अवं, ते कडवळ मोडा. लसूणघास लावा."

"घासाला पाणी लई लागतं. गहू वाळंल. कडवळ बराबर हाय, मी चाखून बघतो."

गाय मेली त्या सकाळीही त्यानं चाखलं. गोड लागलं. विषाची चव त्याला कळली नाही.

गाय पुरली त्याच दिवशी त्यानं कडवळावर नांगर घातला. गव्हाचं पाणी तोडून तिथं घास केला. गहू वाळला.

घासाची पहिली कापणी झाली त्या सकाळी मी बांधावर होतो. त्यानं मूठभर पाला चावला, पण थुंकला नाही, गिळला. मग पेंढी मांडीवर घेऊन विहिरीच्या काठावर बसून राहिला. दावणीची दुसरी गाय हंबरत होती. ऊन डोक्यावर आल्यावर तो उठला आणि पेंढी तिच्यापुढं टाकली.