देवाचं नाव नसलेलं वाक्य

नगरपालिकेचं पत्र मी दारातच, उभ्या उभ्या वाचलं. आमचे नागरिकत्वाचे अर्ज मंजूर झाले होते. आता समारंभाला हजर राहायचं, सगळ्यांसमोर उभं राहून एक प्रतिज्ञा म्हणायची, की आम्ही डच. पुढची कामं लगेच डोक्यात रांगेला लागली: नवऱ्याची रजा, मुलीच्या शाळेला कळवणं, साडीची इस्त्री, ओळखपत्रं. मग दुसरा परिच्छेद वाचला आणि जिन्याच्या पायरीवर बसले.

प्रतिज्ञेचा शेवट दोन प्रकारे करता येतो, असं त्यात लिहिलं होतं. एक तर 'सर्वशक्तिमान देव मला साह्य करो' असं म्हणायचं, ती शपथ. नाहीतर 'हे मी जाहीर करते आणि असं वचन देते.' कुठलं म्हणणार ते आधी कळवायचं.

आमच्या घरात शपथ हा शब्द चालत नसे. खेळताना कुणी 'देवाशपथ' म्हटलं तर आई स्वयंपाकघरातून हातातलं टाकून बाहेर येई. माझ्या मामांना एकदा जमिनीच्या दाव्यात साक्षीला बोलावलं होतं. त्यांनी कोर्टात ईश्वरसाक्ष शपथ घेतली आणि जे पाहिलं होतं तेच सांगितलं. त्याच पावसाळ्यात आजी गेली. आईने या दोन गोष्टींची मनाशी गाठ मारली. ती म्हणायची, "खोटी शपथ लागते हे सगळ्यांना ठाऊक आहे. खरीसुद्धा लागते. आणि घेणाऱ्याला नाही, त्याच्या माणसाला लागते."

यावर माझा विश्वास नाही, असं मी कुणालाही सांगेन. पण आई नाशिकला एकटी असते. तिचं हृदय अशक्त झालंय, जिना चढली की तिला बोलता येत नाही. आणि माझ्या हातातल्या कागदावर 'देव' हा शब्द होता.

"मग दुसरं म्हण ना," नवरा म्हणाला. "आपल्याकडे मंत्री नाही का, कुणी 'ईश्वरसाक्ष' म्हणतो, कुणी 'गांभीर्यपूर्वक'. कुणाला काय फरक पडतो?"

"मी मंत्री नाहीये."

"घरात आहेस की!"

मी वचनाच्या चौकोनात खूण केली आणि पत्र परत पाठवून दिलं. विषय संपला असं मला वाटलं.

त्या आठवड्यात शेजारच्या बाईंचा वाढदिवस होता. त्या निवृत्त दंतवैद्य. कुंपणाशी उभ्या राहून माझं डच सुधारतात, दात तपासावेत तसं एकेक वाक्य तपासतात. इथल्या रिवाजाप्रमाणे खुर्च्या गोल मांडलेल्या, आल्यावर प्रत्येकाचं अभिनंदन करायचं, कॉफीबरोबर केकचा एक तुकडा. माझ्या शेजारी त्यांचे दीर होते. आमच्या या रायस्वाइक गावातच जन्मलेले, दर रविवारी चर्चला जाणारे. समारंभाचं कळल्यावर त्यांनी विचारलं, "शपथ घेणार ना?"

"नाही, वचन देणार."

"वचन!" ते हसले. "ते देव न मानणाऱ्यांसाठी असतं हो. हा देश ख्रिस्ती माणसांनी उभा केलाय. इथे राज्य करणाऱ्या स्पेनच्या राजाशी पिढ्यानपिढ्या लढले ते कशासाठी? आमच्या दोन युरोच्या नाण्याच्या कडेवरसुद्धा देवाचं नाव कोरलंय. देवासमोर शपथ न घेणारा माणूस मागचं दार उघडं ठेवतो, असं माझे वडील म्हणायचे."

त्या दिवसांत टीव्हीवर रोज हीच चर्चा असे: या देशाचं कोण आणि कोण नाही. मला वाटलं, समारंभातल्या अधिकाऱ्यालाही असंच वाटत असलं तर? नागरिकत्व अजून हातात आलेलं नव्हतं. एकीकडे आई आणि दुसरीकडे आमचं इथलं घर, मुलीची शाळा, सगळं.

"तू केक खा," शेजारीणबाई दिरांना म्हणाल्या. "देव न मानणाऱ्यांसाठी म्हणे! ते वाक्य आमच्या लोकांचं आहे."

मग त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचं माहेर एका लहानशा ख्रिस्ती पंथातलं. त्या पंथात तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा करत नाहीत, माणूस जाणता झाला की करतात. आणि शपथ कुणीच घेत नाही, कारण ख्रिस्ताने नको म्हटलंय. "स्पेनच्या राजाच्या काळात आमच्या लोकांना जाळलं, पोत्यात घालून बुडवलं. मग राजा गेला आणि या माझ्या दिराच्या लोकांचं चर्च आलं. त्यांनी जाळलं नाही. प्रार्थनेची जागा तेवढी रस्त्यावरून दिसता कामा नये, म्हणाले."

"उपकारच म्हणायचे ते," दीर म्हणाले.

"उपकारच. आणि शपथेऐवजी नुसता शब्द द्यायची मुभा दिली. आम्ही देव मानत नव्हतो म्हणून नाही, त्याला फार घाबरत होतो म्हणून."

मी विचारलं, "शपथ घेतली तर काय होतं, असं तुम्ही मानता?"

"कोण जाणे," त्या म्हणाल्या. "जे आपल्या हातात नाही ते गहाण टाकू नये, एवढंच मला शिकवलंय."

मला बरं वाटायला हवं होतं. उलट अंगावर काटा आला. आईची भीती नाशिकच्या एका बाईची खुळी समजूत आहे, या आधारावर मी इतकी वर्षं निभावलं होतं. इथे त्याच भीतीपायी माणसं पोत्यात गेली होती.

पुढे भीतीने नवंच काढलं. डचमध्ये 'वचन देते' म्हणजे 'बलोफ' आणि 'माझी श्रद्धा आहे' म्हणजे 'खलोफ'. भांडी लावताना मी वाक्य घोकायचे आणि घाई झाली की दर वेळी 'खलोफ' बाहेर पडायचं.

"आई, यू जस्ट बिकेम ख्रिश्चन," मुलगी टेबलावरून ओरडायची.

"हसू नकोस. तिथे असं झालं तर?"

"रिलॅक्स, आई. दे डोन्ट केअर." तिचा जन्म इथला, तिला या देशाची भीती वाटत नाही. मला तिचा हेवा वाटला.

समारंभाच्या दिवशी सभागृहात झेंडा होता, राजाचं छायाचित्र होतं. महापौर गळ्यात साखळी घालून उभ्या होत्या. माझ्या आधीच्या माणसाने दोन बोटं उंचावून खणखणीत आवाजात देवाचं नाव घेतलं आणि टाळ्या पडल्या. मग माझं नाव पुकारलं. 'ख' घशातून येतो, 'ब'ला ओठ मिटावे लागतात. मी ओठ घट्ट मिटले आणि मग उघडले. 'बलोफ.' महापौरांनी हात हातात घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर काही कमीजास्त दिसतंय का ते मी शोधत होते. त्या फक्त हसल्या आणि पुढचं नाव वाचलं.

बाहेर येऊन आधी आईला फोन केला. तिने उचलला. म्हणजे ती होती, नेहमीसारखी दम खात बोलत होती.

"शपथ घ्यावी लागते म्हणे तिकडे. घेतलीस?"

"नाही आई. देवाचं नावसुद्धा नाही घेतलं. वचन दिलं फक्त." तिच्यासाठी मोठी खूशखबर आणली असावी तशी मी सांगत होते.



"शपथ असती तर मी इथून 'सुटली' म्हटलं असतं," ती म्हणाली. "तुझ्या मामाच्या साक्षीच्या वेळी मला ते सुचलं नाही. दिलेलं वचन कशाने सोडवायचं गं?"

"सोडवायचं कशाला?"

"मला काही झालं म्हणजे?"

"मी येईन ना, आई. लगेच येईन."

"येशील. पण आता विचारून येशील."

आतून नवरा आणि मुलगी हात हलवून फोटोसाठी बोलवत होते. मी गेले, त्यांच्यामध्ये उभी राहिले. भारताचा पासपोर्ट आता चालणार नव्हता; त्याच संध्याकाळी भारतात जाण्यासाठी मला आता कुठले कागद लागतील आणि ते किती तातडीने मिळू शकतात, ते शोधायला बसले.