पखवाजाला तांदळाचं पीठ

दुसरी मोठी लढाई चालू होती त्या वर्षांत मी कोंडाण्याच्या लेण्यांजवळच्या एका गावात मास्तर होतो आणि दर सोमवारी देवळातल्या भजनात पखवाज वाजवत होतो. शिकवण्याचा मला मनस्वी कंटाळा. पखवाजावर मात्र जीव, निदान मी सगळ्यांना तसं सांगत असे. भजन संपलं की पाटील म्हणायचे, "मास्तर, तुमचा हात हितं वाया चाललाय. असा वाजवनारा मुंबैला पन नाय." पाटलांना ताल आणि खोकला यांतला फरक कळत नसे, पण स्तुती करणाऱ्याची परीक्षा कोण घेतो?

त्यामुळे चौक गावच्या सप्ताहाला येणाऱ्या मुंबईच्या भजनीबुवांना पखवाजी हवाय, हे कानावर येताच मी नोकरीचा राजीनामा लिहून काढला. बायको म्हणाली, "आधी त्यांना ऐकू तरी द्या." मी तिला अरसिक म्हणालो आणि कागद कोटाच्या खिशात घातला.

सप्ताहातल्या एका दुपारी चौकला जाऊन बुवांसमोर बसलो. घरून आणलेला पिठाचा गोळा काढून पखवाजाच्या डाव्या तोंडाला थापला. बुवांनी वाकून पाहिलं, बोटाने दाबलं.

"हे काय?"

"तांदळाचं पीठ. उकडून मळलेलं."

"कणीक नाही लावत?"

आता आमच्याकडे भाकरी तांदळाची, पेज तांदळाची. गहू घरात यायचा तो होळीच्या पोळीपुरता. तो पखवाजाला फासला असता तर बायकोने मलाच थापून काढलं असतं. चुलत्यांनी मला तांदळाचंच पीठ लावायला शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या चुलत्यांनी. हे सगळं मी मोठ्या घराण्याची गोष्ट सांगावी अशा थाटात सांगितलं आणि वाजवायला लागलो. दुसऱ्याच अभंगाला पीठ वाळून तडकलं, खपल्या धोतरावर पडू लागल्या. गावात त्या नेहमीच पडत. मी झटकत असे आणि लोक माना डोलवत.

बुवा हसले नाहीत. त्यांनी आपल्या मंडळींकडून भिजवलेली कणीक मागवली, माझ्या पखवाजाला स्वतः लावली आणि एक थाप मारली. तो घुमारा मी जन्मात ऐकला नव्हता. बारा वर्षं मी फळकूट बडवत होतो. अंगावर काटा आला, मग लाज वाटली, आणि मग, लपवून काय उपयोग, बुवांचाच राग आला.

"हात बरा आहे," बुवा म्हणाले. "सहा महिने माझ्याकडे राहून नुसता डावा हात घोटा. मग साथीला घेतो. जेवणाखाणाची काळजी नको."

पखवाजावर खरंच जीव असता तर मी तिथेच त्यांचे पाय धरले असते. "विचार करून कळवतो," असं म्हणून मी उठलो, आणि तो विचार परतीच्या बैलगाडीत, चौक मागे पडायच्या आत संपला. सहा महिने कोणी वाहवा म्हणणार नव्हतं. माझा जीव होता तो वाहवेवर. राजीनामा मी गाडीतच फाडला.

घरी बायकोने कोटाचा रिकामा खिसा चाचपला आणि कोट खुंटीला लावला. गावाने विचारलं, तेव्हा मी नुसता गंभीर चेहरा केला. तेवढ्यावर गावाने परस्पर ठरवलं की मास्तरांनी गावच्या पोरांसाठी मुंबई नाकारली. पुढच्या सोमवारी पाटील भरल्या देवळात झेंडूचा हार घेऊन उठले, आणि मी मान पुढे केली.